एअर लाइनला पाणी येतंय: कोकणातल्या कारखान्यांकडून येणारे कंडेन्सेट ड्रेनचे प्रश्न

मिरगाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात, छपराच्या पागोळ्या आणि फोन. "ड्रायर गेला वाटतं, लाइनला पाणी येतंय." रत्नागिरीचं मिरजोळे, तिकडे लोटे, खाली कुडाळ, या पट्ट्यात कॉम्प्रेसरची कामं करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की गाडी काढण्यापूर्वी मी एकच विचारतो: ड्रायरखालच्या नळीतून पाणी पडताना शेवटचं कधी बघितलंत? पलीकडे बहुतेक वेळा शांतता. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतली वाफ गार होऊन जे पाणी सुटतं ते कंडेन्सेट, ते बाहेर टाकणारा वॉल्व म्हणजे ड्रेन, आणि हवा कोरडी करणारं यंत्र म्हणजे ड्रायर. खालचे प्रश्न अशाच फोनवर आणि शेडमध्ये उभ्या उभ्या विचारलेले आहेत.

एवढं पाणी येतं तरी कुठून? आम्ही तर नुसती हवा ओढतो.

पाणी त्या हवेतच असतं, फक्त वाफेच्या रूपात. ३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरते. २० अंशांना १७ ग्रॅम, ४० अंशांना ५१. ढोबळ हिशेब असा की दर अकरा-बारा अंशांना ही क्षमता दुप्पट होते.

आता सात किलो प्रेशरला (चौरस सेंटिमीटरला सात किलो) कॉम्प्रेसर साधारण आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो. वाफ आठ घनमीटरांची आणि जागा एकाची. स्क्रू कॉम्प्रेसरमधून निघताना हवा ऐंशी-नव्वद अंशांना तापलेली असते, म्हणून ती वाफ तशीच राहते. त्याच्या पुढच्या आफ्टरकूलरमध्ये, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीत, हवा थंड झाली की ओला पंचा पिळावा तसं पाणी सुटतं. यात कुणाचा दोष नाही, मशीन बरोबर चाललंय याचीच ती खूण आहे. दोष सुरू होतो तो सुटलेलं पाणी तिथल्या तिथे बाहेर न काढल्यावर.

नेमकं किती लिटर? आकडा सांगा.

१०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा, कॉम्प्रेसर घ्या. तासाला १७० घनमीटर हवा ओढतो. जुलैत शेडमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर त्या हवेबरोबर तासाला सुमारे ४.४ किलो पाणी आत जातं. आफ्टरकूलरने हवा ४० अंशांवर आणली की त्यातलं सव्वातीन लिटर तिथेच पडतं. उरलेल्यातलं एक लिटर ड्रायर काढतो, तोही ३ अंशांपर्यंत नेत असेल तर. पुढे लाइनमध्ये वाफ म्हणून जातात ते शंभर-सव्वाशे ग्रॅम.

चोवीस तास फुल लोडवर चाललं तर हे शंभर लिटर झालं, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या हंड्याचे तीन-चार हंडे. डिसेंबरात, २८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला, आफ्टरकूलरखाली तासाला जेमतेम दीड लिटर पडतं. म्हणूनच हिवाळ्यात किंवा घाटावरच्या कारखान्यात लावलेलं ड्रेनच्या टायमरचं सेटिंग आपल्याकडे पावसाळ्यात तोंडावर आपटतं. तुमचा कॉम्प्रेसर २५० सीएफएमचा असेल तर आकड्यांना अडीचने गुणा. तो अर्धा वेळ अनलोड होत असेल, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरत असेल, तर निम्मं करा.

ड्रायरच्या डिस्प्लेवर ३ अंश दाखवतंय, हिरवा दिवा आहे, तरी फिल्टरच्या वाटीत पाणी. ड्रायर खोटं बोलतोय का?

नाही, खरंच बोलतोय. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

ड्रायरमध्ये दोन कामं होतात. पहिलं, हवा ३ अंशांपर्यंत गार करून वाफेचं पाणी करणं. दुसरं, ते पाणी सेपरेटरच्या (हवेतून पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) तळाला जमवून ड्रेनमधून बाहेर टाकणं. डिस्प्लेवरचा आकडा फक्त पहिल्या कामाचा असतो, कारण बहुतेक ड्रायरमध्ये सेन्सर थंड भागातलं तापमान मोजतो. खालचा ड्रेन तुंबला तर पाणी सेपरेटरमध्ये चढत जातं आणि हवेचा झोत ते उचलून थेट लाइनमध्ये नेतो. गॅस ठीक, पंखा ठीक, आकडा ३, दिवा हिरवा, आणि पुढे पिचकारी.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू युनिटमध्ये असंच झालं होतं. कलर सॉर्टरचे, म्हणजे रंगावरून गर निवडणाऱ्या यंत्राचे, हवेचे इजेक्टर अडकत होते आणि काही पांढऱ्या गरांवर तांबूस ठिपके दिसत होते. काजूगर पाच टक्क्यांच्या आत ओलाव्यावर राखायचा, आणि त्यावर आपणच गंजाचं पाणी शिंपडायचं! मालकांनी नव्या ड्रायरचं कोटेशन मागवून ठेवलं होतं. मी खाली बसलो, ड्रेनच्या अलीकडचा बॉल वॉल्व बंद केला आणि स्ट्रेनरची, म्हणजे गाळणीची, टोपी उघडली. आत ताकाच्या निवळीखालचा साका बसावा तसा तपकिरी गाळ. जाळी धुतली, परत बसवली, वॉल्व उघडला. पंधरा-वीस सेकंद नुसतं पाणी येत राहिलं. कोटेशन टेबलावरच राहिलं.

म्हणून लाइनला पाणी आलं की आधी ड्रेन बघायचे, मग आफ्टरकूलर, आणि ड्रायरचा गॅस सगळ्यात शेवटी.

ड्रेन चालतोय की नाही हे घरच्या माणसाला कसं कळणार?

बादलीने. चेष्टा नाही करत. प्रत्येक ड्रेनच्या तोंडाखाली एक झाकणाचा डबा ठेवा, झाकणाला नळीपुरतं भोक पाडा, आणि एका पाळीत किती पाणी जमलं ते वहीत लिहा. वरच्या हिशेबाशी ताडून बघा. पावसाळ्यात आठ तासांत १०० सीएफएम फुल लोडला आफ्टरकूलर आणि हवेची टाकी मिळून वीस-पंचवीस लिटर यायला हवं. पाचच लिटर येत असेल तर उरलेलं कुठे गेलं ते सांगायला नको.

दुसरी खूण टाकीची. छोटा पाना घेऊन टाकीच्या अंगावर वरून खाली हलक्या हाताने टकटक करत या. रिकाम्या भागावर आवाज ठणठणीत येतो, पाण्याच्या पातळीखाली तो एकदम बसतो. एकदा एका माणसाबरोबर एक हजार लिटरच्या टाकीवर हे करत होतो. आवाज बसला तो माझ्या कमरेजवळ. तो म्हणाला, "दादा, जाड पत्रा असेल तिकडे." जाड पत्रा कसला, अडीचशे-तीनशे लिटर पाणी साठलं होतं आणि कॉम्प्रेसर वारंवार लोड-अनलोड का होतो म्हणून सगळे कंट्रोलरची सेटिंगं बदलत बसले होते. हवेची जागा पाण्याने खाल्ली होती.

तिसरी खूण, इलेक्ट्रॉनिक ड्रेन असेल तर त्याचं टेस्ट बटण रोज एकदा दाबा. पाणी आणि मागून हवा यायला हवी. काहीच नाही आलं तर अलीकडे काहीतरी तुंबलंय. नुसतीच हवा आली तर एकतर पाणी नाही किंवा ड्रेनपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात पाणी नाही असं होत नसतं.

रोज सकाळी ऑपरेटर टाकीचा कॉक उघडतो. तेवढं पुरत नाही?

गॅरेजमधल्या पाच एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरला पुरतं, उघडणारा माणूस विसरत नसेल तर. पाळीत चालणाऱ्या कारखान्याला नाही. आफ्टरकूलरच्या सेपरेटरमध्ये दोन-तीन लिटरही मावत नाही, तो तासाभरात भरतो. सकाळच्या कॉकची वाट तो बघत नाही.

आणि कटकट नको म्हणून कॉक थोडा उघडाच ठेवायची जी पद्धत पडलीय ती सगळ्यात महाग. तीन मिलिमीटरच्या भोकातून सात किलोला पंधरा सीएफएमच्या आसपास हवा जाते. म्हणजे शंभरातले पंधरा. १०० सीएफएमला साधारण १७ किलोवॉट धरले तर तासाला अडीच युनिट, दिवसाला साठ. तुमच्या बिलातला दर घालून महिन्याचा आकडा काढा आणि तो कॉकवरच चिकटवा. एवढं करून पाणी निघतंच असंही नाही. त्या फटीत गंजाचा कपचा अडकला की तीही बंद.

टायमर ड्रेन, फ्लोट ड्रेन की झीरो लॉस? विकणारा प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणतो.

प्रत्येकाची खोड वेगळी आहे, ती माहीत असली की निवड सोपी.

टायमर ड्रेन म्हणजे विजेवर उघडणारा सोलेनॉइड वॉल्व आणि घड्याळ. दर इतक्या मिनिटांनी इतके सेकंद उघडायचं, पाणी असो वा नसो. समजा दर पाच मिनिटांनी दहा सेकंद लावलंय. भोक चार मिलिमीटरचं असेल तर त्या पाच मिनिटांत साचलेलं पाणी एका सेकंदात निघून जातं, उरलेले नऊ सेकंद हवा. वाया जाणारी हवा हिशेबाने १०० सीएफएममध्ये एका ड्रेनला एक टक्क्याहून थोडी कमी पडते. विकणारे सांगतात तेवढा हा राक्षस नाही. एकच टाकी, छोटा कॉम्प्रेसर, तर खुशाल वापरा. पण असे पाच बसवले की चार टक्के हवा गेली, आणि फिल्टरसारख्या ठिकाणी पाणी थेंबभर आणि हवाच जास्त. शिवाय टायमरला ऋतू कळत नाही. मिरगाला आणि दिवाळीला, वर्षातून दोनदा सेटिंग बदलायचं ठरवलं असेल तरच घ्या. आणखी एक तोटा सहसा कुणी सांगत नाही. झटक्याने उघडल्यामुळे तेल आणि पाणी घुसळलं जातं, त्याचं पांढरट लोणी होतं आणि पुढे ते वेगळं करणं जड जातं.

फ्लोट ड्रेन स्वस्त, वीज नको, हवा वाया नाही. पाणी चढलं की गोळा वर, भोक उघडं. पण ते भोक बारीक असतं आणि गोळ्याचा जोर तुटपुंजा. गंज आणि चिकट तेल आलं की तो एकतर खाली चिकटतो, मग पाणी साचतं, नाहीतर वर अडकतो, मग चोवीस तास फुस्स. टाकी आणि आफ्टरकूलरखाली मी फ्लोट लावत नाही. पुढच्या बारीक फिल्टरखाली, जिथे पाणी स्वच्छ आणि थोडं येतं, तिथे तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो.

इलेक्ट्रॉनिक झीरो लॉसमध्ये एक छोटी कुपी असते आणि तिच्यात पातळी ओळखणारा सेन्सर. कुपी भरली की वॉल्व उघडतो, तळाशी थोडं पाणी उरलं की मिटतो. म्हणून हवा जात नाही. चांगल्या ड्रेनमध्ये पाणी वेळेत उतरलं नाही तर अलार्म लागतो आणि त्याचा संपर्क पॅनेलला जोडता येतो. तो जोडलेला मात्र मी क्वचितच पाहिलाय. दोन वायरींचं काम आहे, करून घ्या. याचे शत्रू तीन: सेन्सरवर बसणारा तेलाचा थर, आतल्या बारीक वाटेत अडकणारा गंज, आणि विजेचे झटके.

चौथा प्रकार वीज न लागणारा झीरो लॉस. फ्लोटवरचं चुंबक एका छोट्या पायलट वॉल्वला इशारा देतं आणि हवेवर चालणारा सिलिंडर मोठ्या भोकाचा बॉल वॉल्व उघडतो. गंजाचे कपचे सहज पलीकडे जातात. जुन्या एमएस (साध्या पोलादाच्या) टाकीखाली, तीही आतून पोपडे सुटलेली असेल तर, माझी पसंती यालाच. फक्त त्याच्या सिलिंडरला लागणारी हवा ड्रायरच्या पुढून, कोरडी घ्या.

सगळ्या ठिकाणांना मिळून एकच ड्रेन लावला तर पैसे वाचतील ना?

वाचतील आणि एकाच पावसाळ्यात जातील. आफ्टरकूलर, टाकी, प्रीफिल्टर, ड्रायर, पुढचा फिल्टर, प्रत्येक ठिकाणी प्रेशर किंचित वेगळं असतं. सगळ्यांना एका पाइपाने जोडून खाली एक ड्रेन लावलात तर जास्त प्रेशरची हवा त्या पाइपातून कमी प्रेशरच्या भांड्यात चढते आणि तिथलं पाणी खाली उतरतच नाही. फिल्टरला वळसा घालून ओली हवा पुढे जाते ती वेगळीच.

पाणी निघतं तिथे प्रत्येकी एक ड्रेन, हा नियम. ड्रेनच्या पुढच्या नळ्या एकत्र करायला हरकत नाही, पण त्या जाड पाइपात, उताराने, आणि शेवट हवेला उघडा. लोट्याच्या एका कारखान्यात पाच ड्रेनच्या नळ्या अर्ध्या इंचाच्या एकाच पाइपात टी मारून जोडल्या होत्या. टाकीचा ड्रेन सुटला की बाकीचे चार गुदमरायचे. दीड इंची पाइप टाकला, प्रत्येक नळी नॉन-रिटर्न वॉल्व लावून वरच्या बाजूने आत सोडली, आणि त्याआधी एकेक छोटं नरसाळं ठेवलं म्हणजे कुठल्या नळीतून पडतंय ते डोळ्यांना दिसेल. ते नरसाळं मला ड्रेनइतकंच महत्त्वाचं वाटतं. पाइपात दडलेला ड्रेन बिघडला तर कुणालाच कळत नाही.

नवाकोरा ड्रेन बसवला, टेस्ट बटणाने उघडतोय, तरी टाकीतलं पाणी उतरत नाही. का?

गोड्या तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एक तेलाला, एक हवेला. एकच पाडलं तर तेल गचके खात थेंब थेंब येतं. इथेही तेच. ड्रेनच्या कुपीत हवा अडकलेली असते, पाणी आत यायचं तर ती हवा परत टाकीत जायला वाट हवी. टाकीपासून ड्रेनपर्यंतचा पाइप जाड, आखूड आणि सतत उताराचा असेल तर हवा त्यातूनच वर जाते. पाइप लांब किंवा बारीक असेल, किंवा मध्ये कुठे उंट झाला असेल, तर ड्रेनच्या माथ्यावरून टाकीच्या वरच्या भागाला एक पाव इंची बॅलन्स लाइन जोडा. बहुतेक ड्रेनला त्यासाठी जागा दिलेली असते, आणि बहुतेक ठिकाणी तिथे प्लग मारलेला असतो.

आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे. टाकीचे पाय बुटके, खाली ड्रेन मावत नाही, म्हणून फरशी फोडून खड्डा करतात. जून उजाडला की खड्ड्यात पावसाचं पाणी, ड्रेन गळ्यापर्यंत बुडालेला, कॉइल जळालेली. खड्डा करू नका. टाकीच दीड फूट जांभ्याच्या किंवा काँक्रीटच्या ओट्यावर चढवा. ते शक्य नसेल तर बाजूने पाणी घेणारा बुटका ड्रेन मिळतो. टाकीचं ड्रेनचं भोक तळाच्या मधोमध आहे ना, हेही बघा. काही टाक्यांना ते बाजूला असतं, तिथे चार बोटं पाणी कायम राहतं आणि तळ तिथूनच खातो.

पाइपलाइन कशी टाकावी?

हवा वाहते त्या दिशेला शंभर फुटांना एक फूट उतार. मुख्य लाइनवरून मशीनकडे येणारी फांदी नेहमी पाइपाच्या वरून काढून हंसाच्या मानेसारखी खाली वळवायची. खालून काढली की तळाने वाहणारं पाणी पहिलं तिथेच शिरतं. लाइनच्या टोकाला आणि जिथे पाइप वर चढतो त्याच्या पायथ्याशी खाली एक पाय सोडा, त्याला ड्रेन लावा. कोरड्या हवेची लाइन असली तरी सोडा. ड्रायर एक दिवस बंद पडणारच आहे.

आमच्याकडे लाइट सारखी जाते. इलेक्ट्रॉनिक ड्रेनचं काय होतं?

वीज नसताना तो बंद अवस्थेत राहतो, आणि कॉम्प्रेसरही बंदच असतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, वीज कडाडते तेव्हा. ड्रेनची सप्लाय वेगळ्या एमसीबीवर घ्या, सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग मोजून घ्या. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नुसतं दिसायला असतं. आणि जनरेटरवर कॉम्प्रेसर चालतो पण ड्रेनचा प्लग जनरेटरच्या लाइनवर नाही, असं दोनदा पाहिलंय.

खाऱ्या वाऱ्याचा ड्रेनशी काय संबंध?

तीन ठिकाणी. आफ्टरकूलरच्या पात्यांवर मीठ आणि धूळ मिळून खरपुडी धरते. हवा ४० ऐवजी ५० अंशांनी बाहेर पडते आणि ड्रायरला दीडपटीहून जास्त पाणी झेलावं लागतं. हे वाढीव पाणी ड्रायरच्या ड्रेनच्या माथी येतं, आणि सगळ्यात लहान ड्रेन नेमका तिथेच असतो. पाती महिन्यातून एकदा आतून बाहेर अशी हवेने, आणि पावसाळ्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवा. दुसरं, कॉइलच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो. जोड आवळून वरून ग्रीस लावा. तिसरं, टाकीच्या आतला गंज, जो सुटून ड्रेनच्याच घशात येतो. मिरकरवाड्यासारखं बंदराच्या काठावरचं बर्फाचं किंवा मासळीचं युनिट असेल तर नवी टाकी घेताना आतून गॅल्वनाइज्ड घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्ट्रेनर किती दिवसांनी साफ करायचा?

नव्या पाइपलाइनला पहिला महिना दर आठवड्याला. नंतर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. डायफ्राम आणि सील वर्षातून एकदा, मे महिन्यात बदला. आगोटीची खरेदी करतो तसंच हे.

उघडताना काही धोका?

आहे. आधी अलीकडचा वॉल्व बंद, मग टेस्ट बटणाने आतलं प्रेशर शून्य, मगच पाना. सात किलोच्या हवेने सुटलेली रबरी नळी चाबकासारखी फिरते, म्हणून नळीचं तोंड बांधलेलं हवं. फिल्टरच्या पारदर्शक वाट्या थिनरने किंवा सिंथेटिक तेलाने तडकतात. त्या साबणाच्या पाण्यानेच धुवा.

आम्हाला हवा किती कोरडी लागेल? चौकशीत "क्लास" विचारतात.

तो आयएसओ ८५७३-१ चा वर्ग. पाण्याचा क्लास ४ म्हणजे प्रेशरखालचा दवबिंदू (वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) ३ अंश किंवा कमी, क्लास ३ म्हणजे उणे २०, क्लास २ म्हणजे उणे ४०. सिलिंडर, कलर सॉर्टर, आंब्याच्या पल्पच्या डब्यांची लाइन, बोटीचं सँडब्लास्टिंग, या सगळ्यांना ४ पुरतो. औषधं, काही रसायनं आणि शीतगृहात शिरणाऱ्या इन्स्ट्रुमेंट लाइनला २ लागतो, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डेसिकंट ड्रायर. पण डेसिकंटच्या अलीकडचा ड्रेन तुंबला तर त्याचे दाणे भिजून भुकटी होते आणि हजारोंचा माल एका आठवड्यात जातो. महागडा ड्रायर घेतलात म्हणून स्वस्त ड्रेनकडचं लक्ष काढता येत नाही, उलट वाढवावं लागतं.

निघालेलं पाणी शेडमागे सोडलं तर काय होतं? पाणीच तर आहे.

तेल घातलेल्या स्क्रूमधून घनमीटरमागे तीन मिलिग्रॅम तेल हवेबरोबर सुटतं असं धरा. १७० घनमीटरांत पाचशे मिलिग्रॅम, आणि ते बहुतांशी सव्वाचार लिटर पाण्यात उतरतं. म्हणजे लिटरला शंभरच्या वर. पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा नदी-नाल्यात सोडायला लिटरला १० मिलिग्रॅम आणि समुद्रात सोडायला २०. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं, ते नोंद ठेवून अधिकृत घेणाऱ्यालाच द्यावं लागतं.

नियम बाजूला ठेवा. आपला जांभा चाळणीसारखा आहे. शेडमागे ओतलेलं खालच्या वाडीच्या विहिरीत उतरायला किती वेळ लागतो हे ज्यांच्या विहिरीवर तेलाचा तवंग आलाय त्यांना विचारा. तेल-पाणी वेगळं करणारं यंत्र फार मोठं नसतं. एक निवळण्याची टाकी, मग तेल शोषणारे आणि कार्बनचे थर. टायमर ड्रेनने घुसळलेलं पाणी आलं की मात्र ते लवकर थकतं.

स्क्रू कॉम्प्रेसरचं तेलच दुधाळ झालंय. हेही कंडेन्सेट?

हो, आणि हे ड्रेनने सुटणारं नाही. पावसाळी हवेत सात किलोला आतल्या वाफेचं पाणी व्हायला ६८-७० अंश पुरतात. कॉम्प्रेसर गरजेपेक्षा मोठा असेल, थोडा वेळ चालून बंद होत असेल, तर तेल त्याच्यावर तापतच नाही आणि पाणी तेलाच्या टाकीतच पडतं. बेअरिंग त्यानेच जातात. डिस्चार्जचं तापमान ८० च्या वर राहतंय ना बघा, थर्मोस्टॅट वॉल्व तपासा, रोज किमान तासभर सलग लोडवर चालवा. सकाळी सुरू करण्यापूर्वी, प्रेशर शून्य असताना, तेलाच्या टाकीचा तळाचा प्लग हळूच सैल करा. रात्रभरात खाली बसलेलं पाणी आधी येतं. तेल दिसलं की बंद.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा प्लांटही बंद. परत सुरू करताना काय बघू?

पल्पवाल्यांनाही हेच लागू, त्यांचा तर पावसाळाभर पडदा. बंद करताना सगळे ड्रेन हाताने उघडून टाकी कोरडी करा, प्रेशर ठेवू नका, स्ट्रेनर धुऊन ठेवा. ओल्या जाळीवरचा गाळ दोन महिन्यांत सिमेंट होतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास तेल गरम होईस्तोवर चालवा.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी मशीनांचे वॉल्व बंद ठेवूनच कॉम्प्रेसर लावा. लाइनच्या टोकाचे ड्रेन उघडे ठेवा, खाली पांढरं फडकं धरा. पहिल्यांदा तांबडं पाणी येईल, मग पिवळसर, मग फडकं नुसतं ओलं होईल, आणि शेवटी कोरडं राहील. तेव्हा मशीन जोडा. मला फोन केलात तर मीही आधी फडक्याचा रंगच विचारणार.